हाका आणि हुद्दे

सकाळी ९.३०

जालना रोडवरच्या आमच्या हॉटेलाच्या मागच्या दाराशी हजेरीचं यंत्र लावलेलं आहे. अंगठा टेकवला की काचेवर नाव उमटतं, नावाखाली हुद्दा. माझ्या नावाखाली 'कॅप्टन' येतं. मागं उभ्या असलेल्या पोरांच्या नावाखाली 'स्टुअर्ड', 'कॉमी', 'रनर', 'बसबॉय' असं एकेक येत जातं. आत गेल्यावर मात्र यातला एखादाच शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकू येतो. तिथं आम्ही दादा, भाऊ, मामा, चाचा, बॉस, भय्या, अण्णा. आणि ज्याला यातलं काहीच सुचत नाही त्याच्यासाठी 'शुक शुक' आहेच. मालकानं दिलेला हुद्दा आणि गिऱ्हाइकानं मारलेली हाक यांच्या मधल्या जागेत आमच्या पोरांनी स्वतःची अशी एक बोली रचली आहे. पदवीवाला असो की सातवीतून शाळा सोडलेला, हॉटेलात टिकलेला प्रत्येक जण तिच्यात भर घालून जातो. ती कुठं लिहून ठेवलेली नाही, म्हणून आजच्या दिवसापुरती मी लिहून ठेवतोय.

पहिलं काम काटे-चमच्यांचं. गरम पाण्यात थोडं व्हिनेगर टाकायचं, मूठभर चमचे बुडवून काढायचे आणि ओले असतानाच कोरड्या फडक्यानं दांड्याकडून टोकाकडे पुसत न्यायचे. जो भाग तोंडात जाणार त्याला बोट लागता कामा नये. पुसलेला चमचा उजेडाकडे धरून बघायचा; पाण्याचा डाग दिसला की परत पाण्यात. मग मिठाच्या-मिरपुडीच्या बाटल्या भरणं, नॅपकिनच्या घड्या, लोणच्याच्या वाट्या, कांदा-लिंबू. या सगळ्या तयारीला मोठ्या हॉटेलांतून आलेला फ्रेंच शब्द आहे. आमच्याकडे येईपर्यंत त्याचं 'मिसाप्लास' झालं होतंच. कन्नडहून आलेल्या पोरानं रुजू झाल्या झाल्या त्याचं 'मिसळप्लास' केलं, आणि आता मॅनेजरही तेच म्हणतो.

हुद्द्यांची शिडीही फ्रेंचांचीच. वर 'मेत्र दोतेल', त्याच्या हाताखाली 'शेफ द रंग', मग 'दमी शेफ द रंग', आणि तळाशी 'कॉमी द रंग'. आपल्याच शहरात रौजाबागेत ताज समूहाच्या सहकार्यानं १९८९ साली सुरू झालेली हॉटेल मॅनेजमेंटची संस्था आहे, इंग्लंडच्या हडर्सफील्ड विद्यापीठाशी जोडलेली. असल्या संस्थांत हे शब्द अभ्यासाला असतात. आमच्याकडे ते कानावरून आले, आणि कानावरून आलेला शब्द तोंडात वेगळाच होतो. 'कॉमी'चा झाला 'कमी': "आज एक कमी आला नाही, त्यामुळं काम वाढलं." 'दमी' म्हणजे दमलेला, हे तर सांगायलाच नको. 'शेफ द रंग' ही पदवी ज्याच्या हातून शर्टावर रस्सा सांडतो त्याला दिवसभरासाठी बहाल होते. गंमत म्हणजे मूळ फ्रेंचमध्ये 'रंग' म्हणजे टेबलांची रांग. एका रांगेची जबाबदारी ज्याच्याकडे तो शेफ द रंग. म्हणजे पोरांनी मराठीत जरा इकडं तिकडं हात मारला असता तर बरोबर जागी पडला असता.

१०.३०

ट्रेवरून ग्लास खाली आला. फुटल्याचा आवाज होताच मामा भटारखान्याच्या दारातून ओरडले, "ग्लास वाढला!"

मामा आमच्यातले सगळ्यात जुने. त्यांनी खानावळीपासून पंचतारांकित हॉटेलापर्यंत सगळं पाहिलं आहे. आपल्याकडे नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. घरात अशुभ शब्द नको म्हणून बायकांनी जपलेली ही रीत मामांनी हॉटेलात आणली. त्यांच्यासमोर कप फुटला, बशी तडकली, तंदूरवाल्याचं गाडगं गेलं, सगळं 'वाढतं'. नेपाळच्या पोराला आधी हे उमगेना. वाढणं म्हणजे ताटात घालणं, हे तो शिकला होता. वाढणं म्हणजे मोठं होणं, हेही कळलं होतं. फुटणं म्हणजेसुद्धा वाढणं कसं? मामांनी त्याला काचा गोळा करता करता सांगितलं, "ज्याच्या हातून वाढलं जातं, त्याच्याच हातून वाढतं. जो वाढतच नाही, त्याच्या हातून काय फुटणार?" मला वाटतं, नव्या पोराच्या मनातली भीती घालवायला याच्याहून चांगलं वाक्य कुठल्या प्रशिक्षणात नसेल. तुटफुटीच्या वहीत ग्लासची नोंद झाली ती झालीच, पण पोराचा हात परत थरथरला नाही.

११.३०

ब्रीफिंग. सगळे दोन रांगांत उभे राहतात. मॅनेजर नखं बघतो, दाढी बघतो, बूट बघतो. आमच्या बोलीत तो 'मान-नजर'. गर्दीच्या वेळी तो तोंडानं काही बोलत नाही. मान कुठं वळली आणि नजर कुठं थांबली यावरून कोणत्या टेबलावर पाणी संपलंय ते समजून घ्यायचं. दारातली मुलगी 'होस्टेस', तिला पोरं 'हो-स्टेस' म्हणतात, कारण टेबल रिकामं नसलं तरी तिला 'नाही' म्हणता येत नाही, "हो सर, दहाच मिनिटं" म्हणावं लागतं. मी कॅप्टन, म्हणजे 'कप्ताण': कपांचा ताण ज्याच्या डोक्यावर तो. रनर हा 'रणवीर', कारण भटारखान्याच्या अरुंद दारातून दोन्ही हातांत गरम हंड्या घेऊन समोरून येणाऱ्याला चुकवणं ही लढाईच असते. आणि बसबॉय. उष्टी ताटं उचलणारा, टेबल पुसणारा हा पोरगा दिवसातून सगळ्यात जास्त चालतो. त्याच्या हुद्द्यात 'बस' आहे, पण त्याला 'बस' असं कुणी म्हणत नाही. हे वाक्य त्याचं स्वतःचंच आहे. ते ऐकल्यापासून चार वाजले की पहिली खुर्ची मी त्याच्यापुढं सरकवतो.

आज मॅनेजरनं एक नवी गोष्ट सांगितली. नवे बिल्ले करायचेत, यादी संध्याकाळपर्यंत गुलमंडीवरच्या बिल्लेवाल्याकडे जायला हवी. मालकांच्या मनात 'वेटर', 'स्टुअर्ड' काढून सगळ्यांसाठी एकच हुद्दा छापायचा आहे: 'गेस्ट एक्स्पीरियन्स एक्झिक्युटिव्ह'. पोरांनी तिथल्या तिथं आद्याक्षरं काढली. जीईई. नेपाळचा पोरगा म्हणाला, "चांगलंय. 'जी' तर आपण दिवसभर म्हणतोच."

मालकांचा हेतू वाईट नाही. जगभर हेच चाललंय. स्टारबक्समध्ये कॉफी देणारा 'पार्टनर' असतो, सबवेमध्ये पाव भरून देणारा 'सँडविच आर्टिस्ट', डिस्नेच्या बागेत ताट आणून ठेवणारा 'कास्ट मेंबर', म्हणजे नाटकातलं पात्र. अमेरिकेत 'वेटर' आणि 'वेट्रेस' हा बाई-पुरुष भेद नको म्हणून 'वेटपर्सन' काढला, मग 'वेट्रॉन' असाही एक शब्द निघाला, जो ऐकल्यावर समोर लोखंडी यंत्र उभं राहतं. शेवटी तिथं 'सर्व्हर' टिकला. आमच्या पोरांना तो फार आवडतो. कुणी पाय दुखून स्टूलावर टेकला की बाकीचे एका सुरात म्हणतात, "सर्व्हर डाउन!"

दुपारी १२.३० ते ३.३०

आज सोमवार. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद, वेरूळची उघडी. त्यामुळं पर्यटकांच्या गाड्या वेरूळला जातात आणि दोनच्या पुढं भुकेलेल्या परततात. त्याआधी साडेबाराला वाळूजच्या आणि शेंद्र्याच्या कारखान्यांची मंडळी. म्हणजे सोमवारची दुपार दोन लाटांची असते आणि दुसरी लाट मोठी.

ऑर्डर घेतली की केओटी निघतो, किचन ऑर्डर तिकीट. टेबल नंबर, पदार्थ, तिखट कमी की जास्त. तो पासवर, म्हणजे भटारखान्यातून ताटं बाहेर येतात त्या कट्ट्यावर, खिळ्याला टोचला जातो. "किचनची ओटी भरली का?" असं मी विचारतो तेव्हा ऑर्डर गेली का, एवढंच विचारत असतो. या चिठ्ठीचं मला मनापासून कौतुक आहे, कारण ती जुनी आहे. अबुल फजलच्या 'आइन-ए-अकबरी'त बादशहाच्या मुदपाकखान्याचं वर्णन आहे. तिथला प्रमुख 'मीर बकावल'. पदार्थ तयार झाला की आधी चाखला जाई, मग सोन्या-चांदीची भांडी तांबड्या कापडात आणि तांब्याची, चिनी मातीची पांढऱ्या कापडात बांधली जात. त्यावर मीर बकावल आपली मोहर लावी आणि आत काय आहे ते लिही. पासवर उभा राहून प्रत्येक ताटावर नजर टाकणारा आमचा हेड शेफ हेच करतो, फक्त मोहरेऐवजी पेननं खूण करतो. आपल्या राजेरजवाड्यांच्या अठरा कारखान्यांतही मुदपाकखाना होता आणि पाण्यासाठी वेगळा आबदारखाना. पाणी देणारा 'आबदार'. किती देखणा शब्द! आज त्याच कामाला आम्ही 'पाणी मारणं' म्हणतो: "सात नंबरला पाणी मार."

एक वाजता शेंद्र्याच्या ऑरिक वसाहतीतल्या कंपनीचे कोरियन पाहुणे आले. बारा जणांचं टेबल. त्यांच्यातल्या एकानं हात वर करून "योगीयो" म्हटलं. बरोबरच्या मराठी इंजिनिअरनं समजावलं, याचा अर्थ 'इथं बघा' एवढाच. मग त्यानं आणखी एक सांगितलं आणि मी ते लगेच मामांना जाऊन सांगितलं. कोरियात खानावळीत वाढणाऱ्या बाईला 'इमो' म्हणायची पद्धत आहे. इमो म्हणजे मावशी. आईची बहीण. आमच्याकडे मोरीवर भांडी घासणाऱ्या बाईंना अख्खं हॉटेल मावशी म्हणतं. कोरिया कुठं, जालना रोड कुठं, आणि जेवणाशी संबंध आला की दोन्हीकडच्या माणसांना आईच्याच माहेरचं नातं आठवतं. आम्ही मावशींना ही गोष्ट सांगितली. त्या कढई घासत म्हणाल्या, "मंग त्यांची पोरं पण जेवण झाल्यावर ताट तसंच टाकून जातेत का?"

जपानी पर्यटक आले तर ते "सुमिमासेन" म्हणतात. माफ करा, असं. हाक मारायच्या आधीच माफी. फ्रान्समध्ये पूर्वी 'गार्सों' म्हणत, म्हणजे पोऱ्या. आता तिथं ते उद्धटपणाचं मानतात. आपल्याकडेही 'पोऱ्या', 'बारक्या', 'छोटू' या हाका हॉटेलात सर्रास होत्या, आणि त्या खोट्या नव्हत्या, कारण ज्याला हाक मारली जायची तो खरंच पोऱ्या असायचा. आठ-नऊ वर्षांची पोरं टेबलं पुसायची. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेल, ढाबा, चहाच्या टपरीवर कामाला ठेवायला बंदी आली, पुढं २०१६ साली कायदा आणखी कडक झाला. आमच्याकडचा सगळ्यात धाकटा आज एकवीस वर्षांचा आहे. तरीही चाळिशी ओलांडलेल्या माणसाला 'छोटू' म्हणणारं गिऱ्हाईक येतंच. कायद्यानं पोऱ्या गेला, हाक राहिली. मला या एका हाकेचा मनापासून राग आहे. बाकीच्या सगळ्या चालतील.

कारण बाकीच्यांत निदान नातं तरी असतं. शहागंज, बुढ्ढी लेनकडच्या नान-खलियाच्या हॉटेलांत वाढणारा 'चाचा' असतो: "चाचा, गरम नान लाव, खलियेपे थोडी तरी." मुहम्मद तुघलकानं १३२७ च्या सुमारास दिल्लीहून दौलताबादेला राजधानी हलवली तेव्हा फौजेबरोबर हे जेवण आलं असं शहरात सांगतात. उडप्याच्या हॉटेलात 'अण्णा'. खानावळीत 'काकू'. विद्यापीठाच्या परिसरात नुसतं 'भाऊ', आणि तोही इतका लांबवलेला की त्यात एक चहा उधार मागितला जातो. आमच्या फुलंब्रीच्या मुलीची अडचण वेगळी. तिच्यासाठी गिऱ्हाइकांना शब्दच सापडत नाही. 'वेट्रेस' मराठी तोंडात बसला नाही. कुणी 'मॅडम' म्हणतं, कुणी दवाखान्यातल्यासारखं 'सिस्टर'. ती म्हणते, ताई म्हणा, संपलं. आज एका आजोबांनी तिला 'अन्नपूर्णाबाई' अशी हाक मारली. ती त्यांच्या टेबलाला ताक आग्रहानं दोनदा वाढून आली.

पूर्वी मी स्टेशनकडच्या एका थाळीच्या हॉटेलात होतो. तिथला प्रकार सगळ्यात न्यारा. थाळीत एकेक माणूस एकेकच पदार्थ घेऊन फिरतो, त्यामुळं हातातला पदार्थ हेच त्याचं नाव होतं. "ओ कढी, इकडं या!" "फुलका कुठं गेला?" "भात, थांबा जरा." दुपारभर मी 'वरण' होतो, संध्याकाळी 'श्रीखंड'. पगार तोच, पण श्रीखंड असताना लोक हसून बोलायचे. तिथला बटाट्याच्या भाजीचा माणूस फार तालेवार होता. कारल्याची भाजी त्याच्याकडे दिली की तो दोन दिवस रुसायचा.

४ ते ६

ब्रेक शिफ्टमधला ब्रेक. घर जवळ असलेले जाऊन येतात, बाकीचे मागच्या खोलीत पाय वर करून पडतात. आज कुणी पडलं नाही. बिल्ल्यांवरून वाद रंगला.

स्टुअर्डच्या बाजूनं बोलणारा वैजापूरचा पोरगा. तो वाचलेलं लक्षात ठेवतो. त्यानं सांगितलं की जुन्या इंग्रजीत स्टुअर्ड म्हणजे वाड्याचा कारभारी, आणि स्कॉटलंडच्या राजांचं स्टुअर्ट घराणं याच हुद्द्यावरून आलं. त्यांचे पूर्वज राजाचे वंशपरंपरागत स्टुअर्ड होते आणि १३७१ साली त्यांच्यातलाच एक राजा झाला. हे ऐकून खोलीत जरा दबदबा पसरला. आपल्याकडेही चिटणीस, फडणीस, पोतनीस, सबनीस हे हुद्देच आडनावं होऊन बसले. मामा म्हणाले, "लिहिणाऱ्याचं आडनाव झालं, मोजणाऱ्याचं झालं. वाढणाऱ्याचं मात्र झालेलं ऐकलं नाही." मग कन्नडच्या पोरानं स्टुअर्डचा मराठी उच्चार करून दाखवला. त्याचे आजोबा 'इस्टुवाड' म्हणतात. त्यानं ते आणखी ओढून 'इष्टवाढ' केलं: इष्ट तेवढंच वाढणारा, ना कमी ना जास्त. टाळ्या पडल्या. इतकी नेमकी व्याख्या कुठल्या शब्दकोशात मिळायची नाही.

'वेटर'च्या बाजूनं फक्त तंदूरवाला होता. त्याचं म्हणणं साधं: वेट उचलतो तोही वेटर, वेट करतो तोही वेटर, आणि आपण दोन्ही करतो, मग लाज कसली?

पैठणचा पोरगा तोपर्यंत गप्प होता. तो पाण्यावर असतो, जग घेऊन फिरतो. त्याला आम्ही कॉमी म्हणतो, त्याचे गाववाले लग्नाच्या पंगतीतला जुना शब्द वापरतात, 'पाणक्या'. तो म्हणाला, "माझ्या बिल्ल्यावर पाणक्याच लिहा." सगळे हसले. तो हसला नाही. पैठणच्या माणसाला ती कथा सांगावी लागत नाही, पण नेपाळच्या पोरासाठी त्यानं सांगितली. एकनाथ महाराजांच्या घरी श्रीखंड्या नावाचा गडी कामाला राहिला. गोदावरीवरून कावडीनं पाणी आणायचा, रांजण भरायचा, पंगतींना पडेल ते काम करायचा. बारा वर्षं राहिला. तो प्रत्यक्ष द्वारकेचा कृष्ण होता हे कळलं तेव्हा तो निघून गेलेला होता. पैठणला नाथांच्या वाड्यात तो रांजण आजही आहे आणि नाथषष्ठीच्या दिवसांत भाविक रांग लावून त्यात पाणी ओततात. "देवानं हुद्दा घेतला तो पाणक्याचा," पोरगा म्हणाला, "मॅनेजरचा नाही घेतला."

यावर कुणाला कोटी सुचली नाही.

मग मी माझं मत मांडलं, आणि ते मला अजूनही पटतं. आपल्याकडे या कामाला अगदी घरचा शब्द आहे, 'वाढपी'. त्यात नोकर नाही, पोऱ्या नाही, थांबून राहणारा नाही. लग्नाच्या पंगतीत वाढपी व्हायला नवरीचा मामा धोतर खोचून उभा राहतो, शेजारचे वकील वरणाची बादली उचलतात, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. वाढपी ओळखीचा असला तर पंगतीत कुठंही बसा, असं आपण म्हणतो, म्हणजे त्याच्या हातातली सत्ता सगळ्यांना ठाऊक असते. आणि त्या सत्तेचा गैरवापर झाला तर त्यालाही नाव आहे: पंक्तिप्रपंच. ओळखीच्याला तूप जास्त, परक्याला कमी, हे पाप मानलं गेलं. कारखान्याचा साहेब आणि त्याचा ड्रायव्हर वेगवेगळ्या टेबलांवर बसलेले असतात तेव्हा दोघांची रोटी तितकीच गरम पोचवणं हेच आमच्या कामाचं मर्म आहे. 'गेस्ट एक्स्पीरियन्स एक्झिक्युटिव्ह' या तीन शब्दांत ते कुठंच येत नाही. 'वाढपी' या एका शब्दात येतं.

मामांनी लगेच होकार दिला. फुलंब्रीच्या मुलीनं विचारलं, मग मी कोण? वाढपीण? तिचं तिनंच ठरवलं, 'वाढपी' दोघांनाही चालतो. वैजापूरच्या पोरानं मात्र ठाम नकार दिला आणि त्याचं कारण ऐकून मी गप्प झालो. त्याला क्रूझवर जायचंय. तिथल्या अर्जात आधीचा हुद्दा लिहावा लागतो, दाखल्यावर आणि बिल्ल्यासकटच्या फोटोत 'स्टुअर्ड' दिसलं पाहिजे. घरी बहिणीचं लग्न आहे. शब्दावरच्या माझ्या प्रेमापायी त्याची बोट चुकायला नको.

तेव्हा असं ठरलं: ज्याला जो हुद्दा हवा तो. मॅनेजरला सांगितलं, त्यानं मालकांना फोन लावला, दहा मिनिटं बोलला. मालकांनी एक अट घातली, नाव वर मोठ्या अक्षरांत हवं आणि मराठीतही. ती अट आम्हाला दुप्पट आवडली, कारण नाव वाचता आलं तर 'छोटू' म्हणायचं कारणच उरत नाही. यादी व्हॉट्सॲपवर गेली: पाच वाढपी, तीन स्टुअर्ड, एक पाणक्या. पलीकडून बिल्लेवाल्याचा फोन आला, पाणक्या हे आडनाव आहे का?

संध्याकाळी ७ ते ११

या चार तासांत बोलायला फुरसत नसते. रांग दारापर्यंत, तंदूर पेटलेला, दर मिनिटाला पासवरची घंटा. वाढदिवसाचं टेबल, सुपारी फोडून आलेलं एक कुटुंब, दोन बँकवाले. या वेळी आमच्या कामाचं एकच क्रियापद असतं, टिपणं. ऑर्डर टिपायची. सांडलेलं सूप टिपायचं. बाप मेन्यूची उजवी बाजू आधी वाचतोय हे नजरेनं टिपायचं आणि त्याला आपणहून दाल-खिचडी सुचवायची, म्हणजे मुलांसमोर त्याला अवघडायला नको. एवढं सगळं टिपलं की शेवटी टीप.

टीप ही गिऱ्हाइकाची मर्जी असावी या मताचा मी आहे. २०२२ च्या जुलैत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं बिलात आपोआप सेवाशुल्क लावायला मनाई केली आणि २०२५ च्या मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती उचलून धरली. काही हॉटेलवाल्यांना ते जाचलं. आमच्याकडे मात्र पूर्वीपासून डबा आहे. सगळ्यांची टीप त्यात, आणि आठवड्यानं समान वाटणी; त्यात मोरीवरच्या मावशीही आल्या, तंदूरवालाही आला. पंक्तिप्रपंच आमच्यातही नको.

साडेनवाला वाढदिवसाच्या टेबलावर दोन ग्लास एकदम वाढले. आरोळी नेपाळच्या पोरानंच दिली, मामांच्याही आधी.

रात्री ११.३०

स्टाफचं जेवण. वरण, भात, अंड्याचा रस्सा, राहिलेल्या रोट्या. इथं आमचा एक नियम आहे: दिवसभर जो वाढत होता, त्यानं आता बसायचं. भटारखान्यातले लोक वाढतात. हेड शेफ स्वतः रस्सा घेऊन फिरतो आणि पोरं त्याला एकदाचं हवं तसं हाकारतात: "ओ रस्सा, इकडं!" "भात, थांबा की जरा!" तोही "आलो साहेब" म्हणत फिरतो. बसबॉय मधल्या खुर्चीत.

जेवण झाल्यावर मी उद्याची पाळी लिहिली. उद्या मंगळवार, वेरूळ बंद, त्यामुळं सगळ्या गाड्या अजिंठ्याला; शंभर किलोमीटर जायचं म्हणून त्या सकाळी लवकर निघतात आणि साडेसहाला बांधून दिलेला नाश्ता मागतात. पहाटेच्या पाळीला मामा, वैजापूर आणि पैठण. वहीत नावापुढं हुद्दा लिहायचा रकाना असतो. पैठणच्या पोरापुढं मी 'पाणक्या' लिहिलं. मॅनेजरनं ते वाचलं आणि खाली सही केली.